आधी सांगाडा, मग गिअर

डोंगरात चालवायची सायकल दाखवताना विक्रेत्याचं बोट बहुधा पहिल्यांदा मागच्या चाकापाशी जातं. तिथल्या डिरेल्युअरवर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर, ‘एक्सटी’ अशी अक्षरं असतात. शिमानो कंपनीच्या डोंगरी गिअरच्या उतरंडीत एक्सटीचा नंबर वरून दुसरा, त्याच्या वर फक्त एक्सटीआर. गिऱ्हाईक खूश. पण गिअर बदलताना हाताला जे जाणवतं ते मुख्यतः हँडलवरच्या शिफ्टरमुळे, आणि तो शिफ्टर दोन पायऱ्या खालचा, डिओर दर्जाचा निघतो. कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, आणखी स्वस्तातली, चेन तिसऱ्याच कंपनीची. चिखलात आणि दगडांत सगळ्यात आधी आपटून मोडणारा भाग सगळ्यात महाग आणि रोज वापरात येणारे भाग स्वस्त, असा हा उलटा हिशेब. सायकलींच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे.

फुल सस्पेन्शनची, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के पचवणारी, ट्रेल सायकल दिलेल्या पैशांच्या लायकीची आहे की नाही, हे नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टींवरून ठरवावं. फ्रेमचे कोन आणि लांबी, मागच्या सस्पेन्शनची रचना, चाकं-शॉक-बेअरिंग यांची मापं, हे सगळं खरेदीच्या दिवशी कायमचं ठरतं. टायर, सीट, पॅडल, डिरेल्युअर या गोष्टी झिजतात आणि झिजल्या की बदलतात. काटकसर व्हायचीच असेल तर ती या दुसऱ्या गटात झालेली बरी.

ट्रेल सायकल म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर चढायलाही जमेल आणि उतरायलाही मजा येईल अशी मधल्या जातीची सायकल. चाकाला वरखाली व्हायला साधारण १२० ते १५० मिलिमीटर वाव असतो. त्याहून कमी वाव क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकलींना, जास्त एंड्युरोला. फक्त उताराच्या डाउनहिल सायकलींत तो २०० मिलिमीटरपर्यंत जातो. या सगळ्या डोंगरी सायकलींचा उगम कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतला. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी पहिली शर्यत लावली. दोनेक मैलांत सुमारे तेराशे फूट खाली येणारी वाट, आणि सायकली जुन्या श्विनच्या, जाड टायरच्या, पॅडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकच्या. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम जोडली. सस्पेन्शन बरंच नंतर आलं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा, आरएस-१, १९८९ चा. म्हणजे एका तपाहून जास्त काळ लोक डोंगर उतरत होते ते निव्वळ मनगटांच्या भरवशावर.

आपल्याकडे ‘पुढे-मागे शॉकअप’ असलेली सायकल दहा-पंधरा हजारांत मिळते. शाळकरी मुलांना ती दिसायला फार आवडते, आणि मोटरसायकलसारखी दिसावी म्हणूनच ती तशी बनवलेली असते. ट्रेल सायकलशी तिचं नातं दिसण्यापुरतं. तिच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो, आणि सस्पेन्शनमधला सगळा पैसा जातो तो याच डॅम्परमध्ये. स्प्रिंग धक्का पोटात घेते आणि लगेच तेवढ्याच जोरात परत करते. डॅम्परमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांमधून ढकललं जातं, त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन विरते. बँकेच्या काचेच्या दाराला वर तेलाचा क्लोजर असतो, त्यामुळे दार सोडलं तरी ते सावकाश मिटतं. क्लोजर काढून नुसती स्प्रिंग ठेवली तर तेच दार धाडकन आपटेल. डॅम्पर नसलेली सायकल उतारावर असंच वागते. दगडावरून गेली की मागचं चाक उसळतं आणि चालवणाऱ्याला हँडलवरून पुढे फेकू पाहतं. अशा सायकलीपेक्षा मागे काहीच नसलेली साधी सायकल केव्हाही सुरक्षित.

डॅम्पर आहे की नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळतं. फोर्कच्या एका पायाच्या तळाशी बहुधा लाल रंगाची छोटी खुंटी असते, ती रिबाउंडची. ती पूर्ण एका बाजूला फिरवून हँडल दाबा आणि सोडा, मग दुसऱ्या टोकाला फिरवून तेच करा. फोर्क वर येण्याच्या वेगात स्पष्ट फरक पडला पाहिजे. खुंटीच नसेल, किंवा फिरवून काही फरकच पडत नसेल, तर किंमत काहीही असो, पुढच्या सायकलीकडे वळा.

दुसरी कसोटी स्प्रिंगची. चांगल्या फोर्कमध्ये आणि मागच्या शॉकमध्ये स्प्रिंगचं काम दाबलेली हवा करते. त्याचा मोठा फायदा असा की पंचावन्न किलोच्या मुलीला आणि पंचाण्णव किलोच्या माणसाला तीच सायकल हवा कमी-जास्त करून बसवता येते. पोलादी स्प्रिंग एकाच वजनासाठी असते, आणि ते वजन बहुधा तुमचं नसतं. हवा किती भरायची हे ‘सॅग’वरून ठरतं. सायकलवर नुसतं बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं, त्याला सॅग म्हणतात. मागे पंचवीस ते तीस टक्के, पुढे पंधरा ते वीस टक्के हे चालू प्रमाण. समजा मागच्या चाकाला १३० मिलिमीटर वाव आहे आणि शॉकचा दांडा ५० मिलिमीटर आत जातो. गुणोत्तर झालं २.६, म्हणजे चाकावर येणारा भार शॉकवर सरासरी अडीच पटींहून जास्त होऊन पडतो. तीस टक्के सॅग हवा तर दांड्यावरची रबरी कडी १५ मिलिमीटर सरकली पाहिजे. मोजपट्टी घेऊन पाच मिनिटांत होणारं हे काम, पण महागड्या सायकली घेऊनही कित्येक जण ते करत नाहीत आणि मग सायकल कडक आहे, सायकल ढिली आहे, अशा तक्रारी करत राहतात.

फोर्कच्या बाबतीत नावापेक्षा अंग पाहावं. आतल्या सरकत्या नळ्यांचा व्यास ३४-३५ मिलिमीटर आणि चाक अडकवायला १५ मिलिमीटरचा आरपार एक्सल असला, की ब्रेक दाबल्यावर फोर्क मागे वाकत नाही आणि वळणात पिळवटत नाही. जाणकारांना फॉक्स कंपनीचा ‘ऱ्हिदम’ फोर्क आवडतो तो याच कारणाने. वरच्या दर्जातली सोनेरी काशिमा झिलई त्याला नाही, अ‍ॅल्युमिनियमही थोडं साधं, पण ग्रिप जातीचा डॅम्पर खरोखर चांगला. कंपनीने कुठे वाचवलं आणि कुठे वाचवलं नाही, हे त्यावरून दिसतं. सोनेरी नळ्या फोटोत उठून दिसतात हे खरं, त्यांचे पैसे मात्र ज्याने त्याने आपल्या हौसेने द्यावेत.

मागच्या सस्पेन्शनच्या नावांचं मात्र जंगलच आहे. एफएसआर, व्हीपीपी, डीडब्ल्यू-लिंक, माएस्त्रो, एबीपी. प्रत्येक कंपनी आपल्या लघुरूपाला चमत्कार म्हणून विकते. मुळात प्रश्न दोनच. पॅडल मारताना सायकल दबून शक्ती वाया जाते का? ब्रेक दाबल्यावर मागचं सस्पेन्शन आखडतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर चेनच्या ओढीत आहे. पॅडल मारताना शरीराचा भार मागे सरकतो आणि मागचा भाग खाली बसू पाहतो. सांध्यांची जागा नीट साधली तर चेनची ओढच त्या बसण्याला विरोध करते. दुसऱ्या प्रश्नावर हॉर्स्ट लाइट्नर या अभियंत्याने तोड काढली. मागच्या एक्सलच्या थोडं पुढे, खालच्या नळीवर एक सांधा द्यायचा, म्हणजे ब्रेकचा जोर सस्पेन्शनच्या हालचालीपासून बराचसा सुटा होतो. या ‘हॉर्स्ट लिंक’चं पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइझ्ड या सायकल कंपनीने विकत घेतलं. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत ही रचना विकायची तर त्यांना पैसे द्या, नाहीतर दुसरी वाट शोधा, अशी इतर कंपन्यांची स्थिती होती. ट्रेक कंपनीने आणि डेव्ह वीगल या स्वतंत्र संशोधकाने सांधा थेट एक्सलभोवती बसवून ती अडचण ओलांडली. २०१३ च्या सुमारास हॉर्स्ट लिंकचं पेटंट संपलं आणि ती रचना सगळ्यांना खुली झाली. आज मध्यम किमतीच्या सायकलींतही मागचं सस्पेन्शन समाधानकारक असतं, त्यामागे हेही एक कारण आहे. लघुरूपासाठी जादा पैसे मोजण्याची आता फारशी गरज उरलेली नाही. एकाच मुख्य सांध्यावरची साधी रचनाही नीट आखली असेल तर ती उत्तम चालते, शिवाय बेअरिंग कमी, त्यामुळे देखभालही कमी.

आणि या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट फुकट असते. ती म्हणजे फ्रेमची भूमिती. कारखान्यात फोर्क धरणारी पुढची नळी ६९ अंशांत जोडली काय किंवा ६५ अंशांत जोडली काय, अ‍ॅल्युमिनियम तेवढंच लागतं आणि वेल्डिंगही तेवढंच. पण उतारावर या चार अंशांचा फरक प्रचंड. फोर्क जितका पुढे कललेला, तितकं पुढचं चाक शरीरापासून लांब आणि तोंडावर आपटण्याची भीती कमी. विसेक वर्षांपूर्वी डोंगरी सायकलींचा हा कोन, म्हणजे हेड अँगल, सर्रास ६९ ते ७१ अंश असायचा, हँडल फ्रेमशी जोडणारा स्टेम लांबलचक आणि हँडल अरुंद. मग २०१२-१३ च्या सुमारास स्पेनच्या मोंड्राकर कंपनीने फ्रेम लांब आणि स्टेम अगदी आखूड करून दाखवलं. लोक आधी हसले, पुढे सगळ्यांनी तेच केलं. आजच्या ट्रेल सायकलीत हेड अँगल ६४.५ ते ६६ अंश, स्टेम ३५ ते ५० मिलिमीटर आणि सीटच्या नळीचा कोन ७५ ते ७७ अंश असला की आखणी आजची आहे असं समजावं. सीटचा कोन चढासाठी. तो जितका उभा तितके नितंब पॅडलच्या वर येतात आणि तीव्र चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. हे आकडे कंपनीच्या तक्त्यात छापलेले असतात. डिरेल्युअरचं नाव वाचण्याआधी तो तक्ता वाचावा.

मरीन या कंपनीची हॉक हिल ही सायकल या हिशेबाचा चांगला दाखला आहे. कंपनीचं नाव त्याच मरीन काउंटीचं, आणि हॉक हिल ही गोल्डन गेट पुलाजवळची टेकडी. ही सायकल २०१७ च्या मॉडेलात अमेरिकेत सुमारे १,५०० डॉलरला आली, तेव्हा त्या पैशांत धड फुल सस्पेन्शन मिळेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. पुढे-मागे १२० मिलिमीटर वाव, दोन्हीकडे हवेवर चालणारं सस्पेन्शन, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, आखूड स्टेम, रुंद हँडल. मग काटकसर कुठे केली? पुढे एकच दातेरी चकती आणि मागे दहाच गिअर, तेही डिओरचे. उतारावर बोटाने दाबून खाली करता येणारी ड्रॉपर सीट दिलीच नाही. समीक्षक ड्रॉपरसाठी कुरकुरले, पण मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. ड्रॉपर पुढे कधीही घेता येतो. फ्रेमचा कोन पुढे घेता येत नाही. उलट त्याच किमतीत बारा गिअर आणि ड्रॉपर असलेली, पण भूमिती जुनाट आणि फोर्क ढिला असलेली सायकल मी कुणाला सुचवणार नाही.

गिअरचा प्रश्न नंतर तसाही सोपा झाला. २०२० मध्ये शिमानोने डिओर दर्जात बारा गिअरचा संच आणला, कॅसेटचे दाते १० पासून ५१ पर्यंत. चढाला लागणारा हलका गिअर आणि सपाटीला लागणारा जड गिअर, दोन्ही त्यात आले. तेव्हापासून डिओरच्या वरचा प्रत्येक रुपया मुख्यतः वजन कमी करण्यासाठी जातो, काम तेच होतं. कार्बन फ्रेमचंही तसंच. फ्रेममध्ये अर्धा-एक किलो वाचतो, किंमत मात्र टुणकन वर जाते. चौदा-साडेचौदा किलोची अ‍ॅल्युमिनियम ट्रेल सायकल पाहून नाक मुरडू नये.

ब्रेकमध्ये एक फसवी जागा आहे. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, चार पिस्टनचे आहेत, इथपर्यंत सगळं ठीक दिसतं. मग चाकाच्या डिस्कवर वाकून बारीक अक्षरं वाचा. तिथे फक्त रेझिन पॅड वापरावेत अशी सूचना कोरलेली असेल, तर ती डिस्क मऊ पोलादाची स्वस्त आहे. चिखलपाण्यात जास्त टिकणारे धातूचे पॅड तिला चालत नाहीत. डिस्क बदलणं फार खर्चाचं नाही, पण तो खर्च आधीच धरलेला बरा. आणि जड माणसाने पुढे किमान १८० मिलिमीटरची, जमल्यास २०३ मिलिमीटरची डिस्क घ्यावी.

टायरची गोष्ट आणखी मजेशीर. एकाच नावाचा टायर दोन जातींत निघतो. दुकानात सुटा विकला जाणारा मऊ रबराचा, घडी घालता येणारा, ट्यूबलेस चालणारा. नव्या सायकलीवर येणारा बऱ्याचदा तारेच्या कडेचा आणि कडक रबराचा. नक्षी तीच, नाव तेच, ओल्या दगडावर पकड मात्र वेगळी. तक्त्यात मॅक्सिस मिनियन असं नावाजलेल्या टायरचं नाव लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, टायरच्या भिंतीवर काय छापलंय ते पाहा. एकूण सायकलीत सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त सुधारणा होते ती पुढच्या चांगल्या टायरने.

मापांविषयी थोडंच, पण ते टाळता येत नाही. मागचा हब १४८ मिलिमीटरचा, म्हणजे ‘बूस्ट’ मापाचा असावा. डिरेल्युअर टांगायचा तुकडा २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने आणलेल्या सार्वत्रिक मापाचा असेल तर उत्तम, कारण तो आडगावातही सोबत एक जादा ठेवता येतो. पॅडलच्या आसाचं बेअरिंग आटे पाडलेल्या नळीत बसणारं असावं, ठोकून बसवलेल्या जातीत पुढे करकर सुरू होण्याची शक्यता जास्त. आणि शॉक प्रचलित मापाचा आहे ना, हे पाहा. काही मोठ्या कंपन्या फक्त आपल्याच फ्रेमला बसेल असा शॉक किंवा जोड देतात. तो पाच वर्षांनी मिळेलच असं नाही.

कंपनीच टिकेल की नाही, हाही प्रश्न आहे. जर्मनीच्या कॅन्यनसारख्या कंपन्या थेट ग्राहकाला सायकल पाठवून दुकानाचा नफा वाचवतात आणि त्याच पैशात वरच्या दर्जाचे भाग देतात. सौदा चांगला, पण खोकं उघडल्यानंतर तुमचे तुम्ही. ब्रिटनच्या विगल-चेन रिॲक्शन समूहाच्या व्हायटस आणि न्यूकप्रूफ सायकली पैसे वसूल करणाऱ्या म्हणून नावाजलेल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो समूहच दिवाळखोरीच्या कारवाईत गेला, आणि हमीचा कागद घेतलेल्या लोकांची पंचाईत झाली. त्याच काळात उलट एक फायदाही झाला. करोनाच्या लाटेत भरमसाट बनवलेल्या सायकली गोदामांत पडून राहिल्या आणि २०२३-२४ मध्ये मोठ्या सवलतीत निघाल्या. मागच्या वर्षीचं मॉडेल, वेगळा रंग, तीच फ्रेम, हा आजही सगळ्यात भरवशाचा सौदा आहे.

आता आपल्याकडचं. परदेशी समीक्षा वाचून तिथल्या किमतीचा रुपयांत गुणाकार केला तर हिशेब चुकतो. तयार सायकलींवरचं आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेलं गेलं. त्यावर वाहतूक, विक्रेत्याचा नफा आणि जीएसटी. त्यामुळे तिकडची परवडणारी सायकल इकडे चैनीची होते आणि निवडही मोजकीच राहते. म्हणून पहिला प्रश्न असा की फुल सस्पेन्शन हवीच आहे का? पुण्यात वेताळ टेकडीच्या मुरमाड पायवाटांवर चांगल्या फोर्कची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, बहुतेकांना पुरते. त्याच पैशात फोर्क आणि ब्रेक एक पायरी वरचे मिळतात. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर तासन्‌तास जायचं असेल, किंवा पाठ कुरकुरायला लागली असेल, तर मात्र मागच्या सस्पेन्शनला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न देखभालीचा. रॉकशॉक्स कंपनी फोर्कच्या खालच्या पायांचं तेल आणि सील साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर पाहायला सांगते. आठवड्याला चार तास चालवली तर हे तीन महिन्यांनी आलं, आणि पावसाळ्यात लाल चिखलातून नेली तर त्याहून आधी. मागच्या सांध्यांतली बेअरिंग पाणी शिरून जाम होतात, म्हणून धुताना जोराचा फवारा सांध्यांवर मारू नये. तुमच्या शहरात फोर्क उघडून नीट परत जोडणारा कारागीर कोण, हे सायकल घेण्याआधी शोधा. तो नसेल तर सील आणि तेल मागवून स्वतः शिकायची तयारी ठेवा, ते अशक्य नाही. जुनी सायकल पाहत असाल तर सीट धरून मागचं चाक हलकेच उचला. उचलताना आधी किंचित टक्‌ असा आवाज आला तर सांधे ढिले झालेले आहेत. फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवा. नख अडेल असा चरा असेल, तर तेल गळणार.

मला विचाराल तर गेल्या एक-दोन वर्षांतलं मॉडेल, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, १३० ते १४० मिलिमीटर वाव, डिओरचे गिअर, चार पिस्टनचे ब्रेक, आणि रिबाउंड व हवा दोन्ही जुळवता येतील असा फोर्क आणि शॉक, यावर थांबावं. ठरवलेल्या रकमेतला दहावा हिस्सा टायर, डिस्क आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला ठेवावा. शॉक पंप मात्र सायकलबरोबरच घ्या. मागच्या शॉकमध्ये दोनशे पीएसआयच्या आसपास दाब लागतो, आणि चाकात हवा भरायच्या नेहमीच्या पंपाने तो नीट भरता येत नाही.